व्यायामाच्या सायकलची साखळी : मापायची नाही, मोजायची



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही. तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात किंवा गॅलरीत उभा आहे आणि बहुतेक त्याच्यावर एखादा टॉवेल वाळत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लोकल बंद झाल्या, सकाळचं फिरणंही बंद झालं, तेव्हा आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात कितीतरी घरांत व्यायामाची सायकल आली. काहींकडे ती त्याआधीपासूनच होती. कारण सकाळी गर्दीतून ठाणे गाठायचं, रात्री आठ-साडेआठला परत यायचं, मग फिरायला कधी जाणार आणि कुठे? या सायकली आता बऱ्याच जुन्या झाल्या आहेत. त्यांच्या साखळ्या झिजल्या आहेत, खडखडतात, पायडल मारताना मध्येच सटकतात. मग सायकल हळूहळू बंद पडते आणि तिचा कपडे वाळत घालायचा स्टँड होतो.

साखळी बदलणं हे काम तसं अवघड नाही. पण ते नीट समजून करायला हवं. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, घरात लहान मूल असेल तर हा लेख सायकल दुरुस्त करायची नसली तरी वाचा. का ते पुढे येईलच.

आधी खात्री करा : तुमच्या सायकलला साखळी आहे का?

घरगुती व्यायामाच्या सायकली साधारण तीन प्रकारच्या दिसतात. पहिला प्रकार म्हणजे पूर्ण प्लास्टिकच्या खोक्यात बंद असलेली, आवाज न करणारी चुंबकीय सायकल. तिच्यात बहुधा साखळी नसते, आडव्या खाचांचा नव्हे तर उभ्या रेषांचा रबरी पट्टा असतो. त्याचं तंत्र वेगळं आहे, हा लेख त्यासाठी नाही. दुसरा प्रकार जिममध्ये असते तशी, पुढे जड लोखंडी चाक असलेली स्पिन बाईक. तिसरा म्हणजे एअर बाईक, जिच्या पुढच्या चाकात पंख्यासारखी पाती असतात आणि हातांनी ढकलायचे दोन दांडेही असतात. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात अनेक ठिकाणी साखळी असते, काहींत पट्टा असतो. सोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतंच. पुस्तिका सापडत नसेल (कोणाला सापडते!) तर कव्हरच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारून बघा. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र कव्हर उघडू नका, आधी कंपनीला फोन करा.

आमच्या घरची सायकल सासऱ्यांसाठी घेतलेली. गुडघ्यासाठी रोज वीस मिनिटं सायकल मारा, असं त्यांना फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं. वॉरंटी संपलेली होती, तरी मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. त्यांच्या माणसाची नुसती घरी येण्याची फी साध्या साखळीच्या किमतीपेक्षा जास्त होती, शिवाय तारीख पंधरा दिवसांनंतरची. नाव घेत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हीच कथा आहे. आणि पंधरा दिवस सायकल बंद म्हणजे पंधरा दिवस गुडघा बंद. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

साखळी "लांबते" म्हणजे नक्की काय होतं?

सायकलवाले म्हणतात, चेन लांबली. ऐकल्यावर वाटतं की लोखंड रबरासारखं ताणलं गेलं असेल. तसं होत नाही. साखळीची रचना बघा. एक आतली कडी, एक बाहेरची कडी, पुन्हा आतली, पुन्हा बाहेरची. दोन कड्या जिथे जोडल्या जातात तिथे एक पिन असते आणि पिनभोवती एक छोटा रोलर फिरतो. रोलर दातेरी चाकाच्या दोन दातांमधल्या खळग्यात बसतो. साखळी चाकावर वळते तेव्हा प्रत्येक पिनेवर कडी थोडीशी फिरते. हजारो वेळा फिरल्यावर पिन आणि तिच्याभोवतीची नळी थोडी थोडी झिजते. पत्रा ताणला जात नाही, सांधे सैल होतात.

आता गणित करू. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. जगभर सायकलच्या साखळीचं हे माप ठरलेलं आहे. समजा, साखळीत १०४ कड्या आहेत. नवी असताना तिची एकूण लांबी ५२ इंच, म्हणजे सुमारे १३२ सेंटिमीटर. प्रत्येक सांध्यात जेमतेम ०.१३ मिलिमीटर झीज झाली, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीपेक्षा जरासं जास्त, तर पूर्ण साखळी किती वाढेल? १०४ गुणिले ०.१३, म्हणजे साडेतेरा मिलिमीटर. एका सांध्यात डोळ्यालाही न दिसणारी झीज, आणि सगळी मिळून सव्वा सेंटिमीटरच्याही वर! म्हणून साखळी लोंबते, कव्हरला घासते, आणि अंतर जुळेनासं झालं की दातांवरून उडी मारते. आपल्याला पायडल सटकल्याचा झटका बसतो तो हाच. वयस्कर माणसाचा पाय अशा झटक्याने घसरू शकतो, त्यामुळे "चालतंय तोवर चालू द्या" हे इथे बरोबर नाही.

झीज तपासायला कुठलंही खास यंत्र नको. दप्तरातली बारा इंची फूटपट्टी घ्या. साखळी ताणून धरा, शून्यावर एका पिनेचा मध्य ठेवा आणि पुढच्या २४ कड्या मोजा. नव्या साखळीत चोविसाव्या कडीच्या पिनेचा मध्य बरोब्बर १२ इंचावर येतो. तो १२ इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास गेला असेल, तर साखळी बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर गेला असेल तर दातेरी चाकंही झिजलेली असण्याची दाट शक्यता आहे. अपूर्णांकांचा धडा शिकवताना "एक-सोळांश कुठे वापरतात मॅडम?" असं विचारणाऱ्या मुलाला याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

आवाजावरूनही रोग ओळखता येतो. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा "टक्" होत असेल तर दोष पायडलमध्ये, क्रँकमध्ये किंवा मोठ्या दातेरी चाकात शोधा. पण दर दोन फेऱ्यांनी एकदा होत असेल तर? मोठ्या चाकाला ५२ दात आणि साखळीला १०४ कड्या असतील, तर साखळीची एक प्रदक्षिणा पायडलच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते. म्हणजे साखळीतली एखादीच कडी आखडलेली किंवा वाकलेली आहे आणि ती दर दोन फेऱ्यांनी हजेरी लावते. तुमच्या सायकलचे आकडे वेगळे असतील. कड्यांना दातांनी भागा, उत्तर मिळेल.

बोटांविषयी

हा भाग कृपया घाईने वाचू नका.

रस्त्यावरच्या सायकलला फ्रीव्हील असतं. पायडल मारणं थांबवलं की पाय थांबतात, चाक आपलं फिरत राहतं. स्पिन बाईकला बहुधा फ्रीव्हील नसतं. चाक, साखळी आणि पायडल एकमेकांना कायमचे जोडलेले असतात. मोठं माणूस सायकलवरून उतरलं तरी जड चाक काही वेळ फिरतच राहतं, साखळी पळतच राहते. ती थांबवायला वरची ताणाची मूठ खाली दाबावी लागते.

किती वेगाने पळते? मिनिटाला ६० फेरे, म्हणजे अगदी आरामात पायडल मारलं तर मोठं चाक सेकंदाला एक फेरा करतं. ५२ दात असतील तर सेकंदाला ५२ कड्या, म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटर साखळी. आई "अरे हात..." एवढं म्हणेपर्यंत, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात दहा कड्या दातांवरून जाऊन आलेल्या असतात. साखळी आणि दातेरी चाक जिथे एकत्र येतात तिथे बोट गेलं तर ते आत ओढलं जातं. लहान मुलांच्या बोटांची टोकं अशा सायकलींत चिरडल्याच्या, तुटल्याच्या घटना अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. बहुतेकदा मूल सायकल चालवत नसतं. मोठं भावंडं पायडल मारत असतं आणि धाकटं शेजारी बसून फिरणारी गंमत बघत असतं.

म्हणून काही गोष्टी ठरवूनच टाका. कव्हर तुटलं असेल किंवा "तात्पुरतं" काढून ठेवलं असेल तर सायकल चालवायची नाही, एक मिनिटही नाही. व्यायाम संपला की ताणाची मूठ पूर्ण आवळून ठेवायची, म्हणजे मुलाला चाक सहजी फिरवता येणार नाही. आजी-आजोबा सायकल मारताना मूल त्या खोलीत जमिनीवर खेळत नको. मुलाला नुसतं "हात लावू नको" सांगून भागत नाही, हे तुम्हाआम्हाला वर्गात रोज कळतं. त्याऐवजी चाक थांबलेलं असताना एक गाजर साखळीच्या तोंडाशी धरून, हाताने पायडल फिरवून दाखवा. अर्थात गाजर लांब घ्या आणि तुमची बोटं दूर ठेवा. गाजराचं काय होतं ते मूल विसरत नाही.

आणि तरीही दुर्दैवाने बोट अडकलंच तर ओढू नका. चाक घट्ट धरून थांबवा, ज्या दिशेने बोट आत गेलं त्याच्या उलट दिशेला पायडल सावकाश फिरवा, नाहीतर साखळी सैल करा किंवा तोडा. साखळी गेली तरी चालेल. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर उचलून ठेवा. बोटाचा तुकडा सुटला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकायचा नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. जवळच्या ज्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जन किंवा हाताचे शल्यविशारद असतात तिथे न्या. असं रुग्णालय कुठलं, हे आजच माहीत करून ठेवायला हरकत नाही.

साखळी काढणे

साहित्य फार नाही. पाने, स्क्रू ड्रायव्हर, नाकाडी पक्कड, जुनं फडकं, खाली पसरायला वर्तमानपत्रं, थोडं तेल. सायकलची वायर असेल तर काढा. मुलांना त्या वेळात दुसऱ्या खोलीत किंवा खाली खेळायला पाठवा, आणि मोबाईलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत चला. काढलेले स्क्रू मी बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवते. जोडताना शेवटच्या खणापासून उलटं यायचं.

प्लास्टिकचं कव्हर काही सायकलींत दोन अर्ध्या भागांचं असतं, ते स्क्रू काढले की सुटतं. काहींत मात्र आधी क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, काढावा लागतो. त्यासाठी क्रँक पुलर नावाचं हत्यार लागतं. हातोडीने ठोकून तो काढायचा प्रयत्न करू नका, आटे जातात आणि मग खर्च वाढतो. पुलर विकत घ्यायचा नसेल तर सायकलच्या दुकानातल्या कारागिराला घरी बोलवा, एवढंच काम तो दहा मिनिटांत करून देतो. पायडल काढायची वेळ आलीच, तर लक्षात ठेवा की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सोपा नियम असा की पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि त्याचं टोक सायकलच्या मागच्या दिशेला वळवा. दोन्ही बाजूंची पायडलं सैल होतात. पुढच्या दिशेला वळवलं की दोन्ही घट्ट होतात.

कव्हर निघाल्यावर चाकाच्या दोन्ही बाजूंचे नट सैल करा. तिथेच ताण देणारे दोन लांब स्क्रू दिसतील. ते दोन्ही बाजूंनी सारखेच फेरे फिरवून ढिले करा आणि किती फेरे फिरवले ते कागदावर लिहा. चाक क्रँककडे सरकलं की साखळी लोंबेल.

आता साखळीवरचं लॉक शोधा. बाकीच्या कड्यांपेक्षा वेगळी दिसणारी ही कडी असते, तिच्यावर माशाच्या आकाराची पातळ पट्टी बसवलेली असते. हाताने पायडल अगदी सावकाश फिरवून लॉक समोर आणा. इथे एक नियम पाळा. जो साखळीला हात लावेल, त्यानेच पायडल फिरवायचं. "तू फिरव, मी बघतो" हे अजिबात नको. पक्कडीने पट्टी सरकवली की ती निघते, मग पत्री आणि पिना निघतात आणि साखळी मोकळी होते. काही साखळ्यांना लॉक नसतं. त्यांची एक पिन चेन कटरने ढकलून काढावी लागते.

दुकानात जाताना

जुनी साखळी पिशवीत घालून सोबतच न्या. कल्याण-डोंबिवलीत स्टेशनच्या गर्दीतून थोडं आत गेलं की सायकलवाला अजूनही सापडतो. मी गेले तेव्हा तिथल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, मोजून आणलीत का?"

म्हटलं, "साधारण साडेचार फूट आहे."

"तसं नाही. मापून नको. मोजून."

तिसरी-चौथीला आपण किती वेळा सांगतो, वस्तू मोजतात आणि लांबी मापतात! तो फरक इथे असा कामाला येतो. जुनी साखळी झिजून लांब झालेली आहे. नवी साखळी तिच्या शेजारी लोंबकळत धरून लांबीइतकी तोडली, तर एखादी कडी जास्त जाण्याची शक्यता असते. कड्यांची संख्या मात्र झिजेने बदलत नाही. म्हणून मोजायचं. आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही प्रकारच्या कड्या मोजायच्या, लॉकची कडीही धरून.

ही संख्या नेहमी सम येते. का, हा प्रश्न मुलांना जरूर घाला. आतली कडी फक्त बाहेरच्या कडीलाच जोडता येते. वर्तुळ पूर्ण करताना विषम कड्या असतील तर शेवटी दोन आतल्या किंवा दोन बाहेरच्या कड्या समोरासमोर येतील आणि जोडताच येणार नाहीत. (मुलगा-मुलगी-मुलगा-मुलगी अशी गोल उभी करून दाखवा, २५ जणांत जमत नाही.) त्यासाठी एका टोकाला आतली आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची अशी खास अर्धी कडीही मिळते, पण घरच्या सायकलला तिची गरज सहसा पडत नाही.

रुंदीही बघून घ्या. एका वेगाच्या साध्या सायकलींच्या साखळीची आतली रुंदी एक-अष्टमांश इंच असते, गिअरवाल्या सायकलींची त्याहून अरुंद. व्यायामाच्या सायकलींना बहुधा साधी रुंद साखळी लागते, पण गृहीत धरू नका. अरुंद साखळी रुंद दातांवर बसणारच नाही. नव्या साखळीसोबत नवं लॉक घ्या, जुनं परत वापरू नका.

शक्य असेल तर दातेरी चाकाचा फोटोही दुकानात दाखवा. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दात एका बाजूला कललेला, शार्कच्या परासारखा दिसतो. असे दात असतील तर नवी साखळी महिन्याभरात पुन्हा सटकायला लागेल.

नवी साखळी चढवणे

मोजलेल्या कड्यांइतकी साखळी काकांकडूनच तोडून आणा. ती दोन्ही दातेरी चाकांवरून फिरवून घ्या. दोन टोकं जोडताना हातातून सुटतात. त्यावर युक्ती अशी की दोन्ही टोकं मोठ्या चाकाच्या लगतच्या दातांवर बसवा. दातच त्यांना धरून ठेवतात आणि तुमचे दोन्ही हात लॉकसाठी मोकळे राहतात.

लॉकच्या पट्टीची दिशा महत्त्वाची. माशाचं बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला, उघडी शेपटी मागे. उलटी बसवली तर कशाला तरी घासून पट्टी निघू शकते. दिशा ओळखायला सोपी खूण म्हणजे लॉक साखळीच्या वरच्या पदरावर असताना बंद तोंड हँडलकडे हवं. चाक पुढे असो वा मागे, पुढे पायडल मारताना वरचा पदर हँडलकडेच जातो.

इथे एक गंमत आहे. रस्त्यावरच्या सायकलचं ओढलं जाणारं चाक मागे असतं, त्यामुळे ताण साखळीच्या वरच्या पदरात असतो. स्पिन बाईकचं जड चाक पुढे असतं, त्यामुळे ताण खालच्या पदरात येतो. कारण मोठं दातेरी चाक वरून साखळी पुढे सोडतं आणि खालून मागे ओढतं. दोन थाळ्या आणि एक दोरी घेऊन मुलांना करायला लावा, पटकन कळतं.

आता ताण. लिहून ठेवलेले फेरे दोन्ही बाजूंना सारखे परत फिरवा, पण नवी साखळी आखूड असल्यामुळे तेवढे फेरे बसणार नाहीत, थोडे आधीच थांबावं लागेल. पदराच्या मध्यावर बोटाने वर-खाली दाबून बघा (चाक पूर्ण थांबलेलं असताना), एकूण सेंटिमीटरभर हालचाल हवी. पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच पाळा. मग पायडल पाव फेरा फिरवून पुन्हा तपासा, असं चारदा करा. दातेरी चाक शंभर टक्के गोल कधीच नसतं. त्यामुळे एखाद्या जागी साखळी जास्त ताठ लागते, तिथे सेंटिमीटर ठेवा. फार ताठ ठेवली तर बेअरिंग लवकर जातात, फार सैल ठेवली तर साखळी उतरते. चाक तिरकं बसलं नाही ना, हे लांब पट्टी दोन्ही दातेरी चाकांना टेकवून बघा आणि मग नट घट्ट करा.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल हळूहळू मागे फिरवत. पाच मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. सायकलच्या साखळीचं तेल मिळतं ते उत्तम, नसेल तर शिलाई मशीनचं चालेल, फक्त ते पातळ असल्याने लवकर लवकर घालावं लागतं. खोबरेल तेल मात्र नको, ते थंडीत गोठतं आणि कालांतराने चिकट होतं. आणि सायकल गॅलरीत असेल तर जून ते सप्टेंबर तिला आत घ्या. आपल्याकडची दमट हवा आणि गॅलरीतली पावसाची झड यांनी न वापरलेली साखळीसुद्धा गंजते.

कव्हर बसवा. आधी कव्हर, मग चाचणी. पाच मिनिटं हलक्या ताणावर पायडल मारा, आवाज ऐका.

जुन्या साखळीचं काय?

भंगारात देण्याआधी ती वर्गात न्या. साबणाच्या पाण्यात घासून, वाळवून, टोकं टेपने गुंडाळून नेली की झालं. कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदाच्या पताका किती वर्षं करणार? आपल्या महाराष्ट्रातच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला आणि हाताने काम करत शिकायचं, हेच त्याचं सूत्र ठेवलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. साखळीचा एक तुकडा आणि एक फूटपट्टी, एवढ्यावर त्यातला एक तास सहज जातो.

लहान वर्गांना सम-विषम आणि अर्धा इंच पुरे. सहावीला लसावि शिकवताना हे घ्या. साखळीत १०४ कड्या, मोठ्या चाकाला ५२ दात. एका दाताला आयुष्यभर किती वेगवेगळ्या कड्या भेटतील? फक्त दोन, कारण ५२ ने १०४ ला नि:शेष भाग जातो. लहान चाकाला १५ दात असतील तर? १०४ आणि १५ चा लसावि १५६०. म्हणजे साखळीच्या १५ प्रदक्षिणा झाल्यावरच पहिली कडी पुन्हा पहिल्या दाताला भेटणार, आणि तोपर्यंत प्रत्येक दाताला प्रत्येक कडी भेटून झालेली असेल. कुठल्या चाकावर झीज सगळ्या दातांना सारखी वाटली जाईल? मुलं यावर भांडतात, भांडू द्या.

इतिहासाची आवड असलेल्या मुलांना दोन गोष्टी सांगता येतील. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वहीत साखळ्यांची चित्रं काढून ठेवली होती. आजच्या साखळीचं रोलर आणि नळीवालं रूप मात्र मँचेस्टरला राहणाऱ्या हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारखानदाराने १८८० मध्ये आणलं. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर सायकल आली, साखळीने मागचं चाक फिरवणारी आणि दोन्ही चाकं जवळपास सारखी. आपली आजची सायकल तिचीच नात. आपल्याकडे मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. आज देशातल्या सायकली आणि त्यांचे सुटे भाग यांचं मोठं केंद्र लुधियाना आहे, त्यामुळे काकांनी दिलेल्या साखळीच्या खोक्यावर तेच नाव दिसलं तर नवल नाही.

एक राहिलं. नवी साखळी पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणजे सैल पडते. आठवड्याभराने कव्हर उघडून ताण पुन्हा तपासा, बहुधा दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळावे लागतात. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तेल आणि फूटपट्टी. फूटपट्टीवरचा आकडा आणि तारीख पेन्सिलने कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, पुढच्या वेळी जो कोणी उघडेल त्याला उपयोगी पडेल.